बिनधुराचे निखारे

हीटर नाकारला तेव्हा बाळ सात दिवसांचं होतं.

साहेब स्वतः आले होते. साहेब म्हणजे नवऱ्याच्या कंपनीचे साइट इंजिनिअर, पुण्याचे, बोलायला गोड. दारात बूट काढून आत आले, बाळाच्या दुपट्यावर एका रियालची नोट ठेवली, सासूबाईंनी दिलेला डिंकाचा लाडू अर्धाच खाल्ला आणि जायला उठता उठता आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, हॉटेलच्या स्टोअरमध्ये एक ऑइल हीटर पडलाय. चाक तुटलंय, बाकी चालतो. संध्याकाळी पाठवून देतो. फक्त शेजारच्या खोल्यांत कळायला नको. एकाला दिला की सातजण मागायला येतील."

"मग सातजणांना द्या की," मी म्हणाले.

ते हसले. "आणि बिल कोण भरणार?"

"तुमच्या हॉटेलातल्या रिकाम्या खोल्या दिवसभर तापवून ठेवता, त्याचं बिल कोण भरतं? या भिंतीपलीकडे माणसं मोजे आणि जॅकेट घालून झोपतात. त्यांना काय कातडी वेगळी आहे? द्यायचा तर सगळ्यांना द्या, नाहीतर नको. चोरून दिलेली ऊब आम्हाला नको."

चोरून दिलेली ऊब. हे शब्द मला त्या वेळी फार आवडले होते. साहेब बूट घालून निघून गेले. सासूबाईंच्या हातातला पळा पातेल्याच्या काठावर आपटला. नवरा दार लावून आला आणि म्हणाला, "मार्चमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय."

आम्ही जबल अख्दर नावाच्या उंच डोंगरावर होतो. ओमान म्हटलं की लोकांना वाळू आणि उकाडा आठवतो, आणि त्याआधीची दोन वर्षं मीही मस्कतजवळ अल हैलमध्ये तेच पाहिलं होतं. तिथे डिसेंबर म्हणजे पंखा बंद करायचा महिना. समुद्राकाठी संध्याकाळी बायका शाली घेऊन फिरायच्या त्या शाली दाखवायला, थंडी वाजते म्हणून नव्हे. माझा नवरा एसीचा मेकॅनिक. त्याच्या कंपनीला डोंगरावरच्या एका हॉटेलच्या देखभालीचं काम मिळालं आणि नोव्हेंबरमध्ये त्याला वर पाठवलं. मला आठवा महिना सरत आला होता. खालची खोली भाड्याची होती, पगार दोन महिने मागे चालला होता, दोन ठिकाणी चुली मांडणं परवडणारं नव्हतं. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी हा प्रश्नही नव्हता. सासूबाई गुहागरहून व्हिजिट व्हिसावर आल्या, सोबत ओवा, बाळंतशेपा, वेखंड, डिंक, खारीक असं सगळं घेऊन. बाळ डोंगराखालच्या निझवा शहरात झालं, आणि चौथ्या दिवशी त्याला दुपट्यांत गुंडाळून आम्ही घाट चढून वर आणलं.

कंपनीने भाड्याने घेतलेलं ते घर होतं. एका ओळीत चार खोल्या, पुढे पडवीसारखा लांब कट्टा, कट्ट्याच्या टोकाला सगळ्यांचा एक नळ. तीन खोल्यांत सात माणसं आणि एक खोली आमची. वर सिमेंटचा सपाट स्लॅब, लोखंडी दार, ॲल्युमिनियमची सरकती खिडकी. खिडकीखाली डाळिंबाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा दरीत उतरत गेलेल्या, पानं झडून नुसत्या काड्या उरलेल्या. पहाटे नळाला पाणी यायचं नाही, कारण पाइपातलं पाणी गोठलेलं असायचं. नऊ वाजता ऊन आलं की पाइप खोकल्यासारखा आवाज करून मोकळा व्हायचा.

नवरा दिवसभर हॉटेलच्या खोल्या गरम ठेवायचा. तेच त्याचं काम. एखाद्या खोलीचं तापमान ठरल्यापेक्षा दोन अंश खाली गेलं की त्याला फोन यायचा आणि तो पळत जायचा. घरी आल्यावर तोच माणूस तळहात चोळत बाळाच्या दुपट्यावर फुंकर मारायचा. आमच्या खोल्यांत हीटर लावायला कंपनीची बंदी होती. लावलाच तर ठरावीक आकड्यापुढचं बिल त्या खोलीच्या पगारातून कापणार, असा कागद कट्ट्यावर चिकटवलेला होता. नवा हीटर घ्यायला पैसे नव्हते आणि घेतला असता तरी चालवायला नव्हते.

मला थंडीची भीती वाटायला लागली ती बाळाच्या नखांपासून. अंघोळीनंतर तिची नखं जांभळट दिसायची. मी तिची बोटं तोंडात धरून बसायचे. झोपली की हाताची पालथी बाजू तिच्या नाकाखाली धरायची, श्वास लागला की हात काढायचा, पाच मिनिटांनी पुन्हा. शाल, दुपटं, टोपरं, त्यावर नवऱ्याचं कंपनीचं जॅकेट, एवढ्या ओझ्याखाली ती दिसेनाशीच व्हायची, आणि मग ओझ्यानेच गुदमरेल अशी भीती वाटायची. थंडीला तोंड नसतं. ती कुठून आत येते हे कळत नाही, त्यामुळे कुणाशी भांडायचं तेही कळत नाही. आणि मला भांडण सोडून दुसरं काही येत नव्हतं.

माझे वडील घाटाखालच्या एका केमिकलच्या कारखान्यात कामाला होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. पलंगाखाली गठ्ठे, कोऱ्या पाठीवर माझी गणितं. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. सगळ्यात आवडतं पत्रक पिवळ्या कागदाचं होतं. टाकी साफ करायला उतरलेला एक कामगार आत पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, तोही पडला, त्यानंतर छापलेलं. त्यातली ओळ मी पाहुण्यांसमोर कवितेसारखी हात करून म्हणून दाखवायचे: वास येत नाही म्हणजे वायू नाही असे समजू नका. डोके जड झाले, पाय गळाले, की ताबडतोब मोकळ्या हवेत या. पडलेल्याला काढायला एकट्याने आत जाऊ नका. पाहुणे हसायचे. वडील हसायचे नाहीत.

हीटर नाकारल्याचं मी त्यांना त्याच दुपारी फोनवर सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. पलीकडून फक्त रेडिओ बारीक केल्याचा आवाज आला.

"बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय. संप चालू होता तेव्हा तू तान्ही होतीस. तुझ्या आईने शेजारणीकडून दूध घेतलं. तिचा नवरा संप फोडून आत जाणारा. मी म्हणालो, त्या घरचं दूध नको."

"मग?"

"मग काय? तिने माझ्यासमोर ते दूध तापवलं आणि तुला पाजलं." मग त्यांनी विचारलं, "बाळाचं अंगडं जाड आहे ना?"

मी रागाने फोन ठेवला. माणूस म्हातारा झाला की पत्रकं विसरतो, असं मी नवऱ्याला म्हणाले.

सासूबाईंनी आपला मार्ग काढला. नवऱ्याला दुकानात पाठवून कोळशाचं एक पोतं आणवलं, लोक समुद्राकाठी मासे भाजायला नेतात तो कोळसा. हीटरच्या मानाने तो पाण्याच्या भावात पडला. तुपाच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून त्यांनी शेगडी केली. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतातच. निखाऱ्यांवर ओवा, शेपा, वेखंड टाकून आईला आणि बाळाला शेक देतात. त्यांची स्वतःची पाच बाळंतपणं तशीच झाली होती. पण गुहागरच्या त्या खोलीला मातीच्या भिंती, वर कौलं, कौलांच्या आडून उजेडाचे ठिपके यायचे.

त्यांना धुराचं फार वावडं. बाळाच्या छातीत धूर जाईल म्हणून त्या शेगडी बाहेर कट्ट्यावर पेटवायच्या, वारा घालत बसायच्या, शेवटचा काळा खडा लाल होईपर्यंत थांबायच्या आणि मगच पदराने धरून आत आणायच्या. "बघ, एक रेघ नाय धुराची," मला दाखवायच्या. "धूर गेला की बाधा गेली, बाय." आणि वारा लागू नये म्हणून खिडकीच्या पट्टीत जुन्या साडीचे बोळे कोंबायच्या. दाराखाली गोणपाट. वाऱ्याने दार धडधडतं म्हणून वरची कडी.

त्यांच्याइतकी काळजी कुणी घेतली नसती. आणि मी, जिने ते पिवळं पत्रक हात करून म्हटलं होतं, ती बाजेवर पाय पसरून शेक घेत होते. पहिल्यांदाच माझी पाठ मोकळी झाली होती. साहेबांना न विचारता, कंपनीला न विचारता आम्ही आमची ऊब मिळवली, असा एक गर्वही होता. खरं सांगायचं तर गर्वच जास्त होता.

शेजारच्या खोलीत देवगडचा एक माणूस राहायचा. हॉटेलच्या लाँड्रीत रात्रपाळी करायचा, दिवसा झोपायचा. तो कामावरून आला की कट्ट्यावर शेगडीपाशी उकिडवा बसायचा.

"गे मावशे, माका पण चार इंगळे दी मगे. बोटां माझी लाकडाची झाली."

"तुला कशाला? तू काय बाळंत झालास?" सासूबाई म्हणायच्या.

"तसा म्हण. बाळंतिणीची तरी कोण काळजी घेता."

उद्या तुलाही एक डबा करून देते, असं त्या त्याला म्हणाल्या होत्या. तो उद्याचा दिवस म्हणजे बाळाचा अकरावा.

त्या दिवशी सकाळपासून वारा होता. ढग दरीतून वर येऊन खिडकीला टेकले होते, बागा दिसत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, म्हणून सासूबाईंनी सकाळीच पुरणाची डाळ भिजत घातली होती. दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी एक डबा बाजेखाली आणि एक दाराजवळ ठेवला. दोन डबे पहिल्यांदाच. बोळे पुन्हा घट्ट केले, वरची कडी लावली आणि बाळाला तेल चोळायला बसल्या.

माझं डोकं सकाळपासून दुखत होतं. बाळंतपणाचा थकवा, जागरण, वारा, अशी सगळी कारणं तयार होती. मळमळत होतं, त्याला डिंकाचा लाडू कारण होता. बाळाला छातीशी घेतलं तर तिने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. ओढेना.

"आई, ही पीत नाहीये."

"पोट भरलं असंल. रंग बघ कसा आलाय. गुलाबासारखी झाली. ऊब लागली हो पोरीला."

खरंच तिचे गाल लाल दिसत होते. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा बरं वाटलं, ही गोष्ट मला अजून सहन होत नाही.

मग थोडा वेळ गेला. किती ते सांगता येत नाही. बाळ माझ्या कुशीत होतं आणि तिची मूठ, जी ती नेहमी माझ्या गाऊनच्या गुंडीत अडकवून ठेवायची, उघडी पडली होती. मला वाटलं, हिला थंडी भरली. मी म्हणाले, "आई, अजून दोन निखारे घाला." होय, मीच म्हणाले. उत्तर आलं नाही. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, हनुवटी छातीवर, तेलाची वाटी मांडीवर कलंडलेली आणि तेल लुगड्यात जिरत चाललेलं. तेल सांडलं तरी उठत नाहीत म्हणून मला राग आला. स्वतःच उठावं म्हणून पाय खाली टाकले, आणि पाय नव्हतेच. म्हणजे होते, पण ते माझं ऐकत नव्हते. मी बाजेवरून गुडघ्यांवर पडले.

पाय गळाले.

हे दोन शब्द माझ्या डोक्यात आले ते माझ्या लहानपणच्या आवाजात, हेल काढून. डोके जड झाले, पाय गळाले. पुढची ओळ आठवेना. मी फरशीवर गुडघे टेकून, बाळाला एका हाताने ओढून घेऊन, पहिलीतल्या मुलीसारखी अडखळत होते. डोके जड झाले, पाय गळाले. की. की काय? डब्यात निखारे फुललेले होते. धुराची एक रेघ नव्हती. सुंदर दिसत होते.

की ताबडतोब मोकळ्या हवेत या.

दाराची वरची कडी माझ्या डोक्याच्या वर होती आणि मला उभं राहता येत नव्हतं. दोनदा प्रयत्न केला, दोनदा दारावर आपटले. दारावर आपटलेलं एका अर्थी बरं झालं. शेजारून आवाज आला, "कोण ता? झोपूक देशात काय नाय?" मला ओरडता आलं नाही. मी खिडकीकडे वळले. ती बसल्या माणसाच्या खांद्याइतकी खाली होती. साडीचे बोळे नखांनी उपसले. सासूबाईंनी ते इतके मन लावून कोंबले होते की एकेक बोळा निघता निघत नव्हता. शेवटी काच सरकली, चार बोटं, मग हातभर, आणि ज्या वाऱ्याला आम्ही आठवडाभर घाबरलो तो थेट तोंडावर आला. मी बाळाचं तोंड त्या फटीत धरलं. दुपटं सुटलं, टोपरं उडून बागेत गेलं. ती हलली नाही.

देवगडचा माणूस तोवर मागच्या अरुंद बांधावरून खिडकीशी आला होता. अंगात बनियन आणि जॅकेट, पायांत काही नाही. त्याने मला बघितलं, मागे सासूबाईंना बघितलं, आणि एकही प्रश्न विचारला नाही. "चेडवाक हंयसर दी," म्हणाला आणि बाळाला घेऊन जॅकेटच्या आत, उघड्या गळ्याशी घातलं. "मावशी?"

"एकट्याने आत येऊ नका," मी म्हणाले. तिसरी ओळ. ती नीट आठवली होती.

"गप ऱ्हव," तो म्हणाला. बाळ माझ्या हातांत परत दिलं, काच पूर्ण सरकवून माझं डोकं बाहेर ओढलं, मोठा श्वास घेऊन गाल फुगवले आणि माझ्या बाजूने खिडकीतून आत उडी मारली. लहान मुलं विहिरीत मारतात तशी. कडी उघडली, पायाने दोन्ही डबे कट्ट्यावर लाथाडले, सासूबाईंना काखेत धरून ओढत बाहेर नेलं, आणि मगच श्वास सोडला.

मी खिडकीच्या चौकटीवर छाती टेकून, दोन्ही हात बाहेर काढून, त्या हातांत माझी मुलगी धरून होते. खाली ढग होता. दुसरं काही नव्हतं. तिच्या नाकाखाली हात धरायला मला तिसरा हात नव्हता. ती जिवंत आहे की नाही हे मला माहीत नव्हतं आणि कळावं असंही वाटत नव्हतं. कळेपर्यंत ती दोन्ही होती.

मग ती शिंकली.

हॉटेलच्या गाडीतून आम्हाला डोंगरावरच्या दवाखान्यात नेलं. तिथे लहान मुलाच्या मापाचा ऑक्सिजनचा मास्क होता, त्याचा हिरवा रंग अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. नर्स केरळची होती. "रूम क्लोज्ड था? पूरा क्लोज्ड? और कोयला?" तिने कपाळावर हात मारला. "धुआँ नहीं था सिस्टर," सासूबाई बाकावरून तिला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, त्यांच्या मोडक्या हिंदीत, "एक रेघ भी नहीं था." नोंदवहीत लिहायला नर्सने बाळाचं नाव विचारलं. मी म्हणाले, अजून ठेवलं नाही. उद्या ठेवणार होतो. तिने वर बघितलं आणि नुसतं 'बेबी' लिहिलं.

नवरा गणवेशातच धावत आला. कुणा पाहुण्याच्या खोलीचा थर्मोस्टॅट उघडून ठेवून आला होता, स्क्रू-ड्रायव्हर हातातच होता.

"मी मारली असती गो," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या हातांनी."

"तुम्ही नाही आई. मी."

यावर नवऱ्याने नाही म्हणायला हवं होतं. तो खोटं बोलणारा माणूस नाही. त्याने बाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हीटर आणू?"

"आण."

संध्याकाळी आम्हाला घरी सोडलं, आणि हीटर चादरीत गुंडाळून आला, एखादं प्रेत यावं तसा, दोघांनी उचलून. तुटक्या चाकाखाली विटेचा तुकडा लावला. सासूबाई त्याच्यापासून चार हात लांब बसल्या. कोळशाचं पोतं अजून कट्ट्यावर होतं, अर्धं भरलेलं, आणि मला एकदम भीती वाटली. आमचं बघून उद्या परवा शेजारच्या खोल्यांतही डबे पेटणार. देवगडच्या माणसासाठी भोकं पाडलेला डबा तयारच होता. सातजण, तीन बंद खोल्या, सगळे धूर जाईपर्यंत थांबणारे शहाणे लोक.

मी कागद शोधू लागले. घरात कागद नव्हता. सासूबाईंनी आपल्या पेटीतून तांबड्या कापडाची घडी काढली. बाळाच्या सटीला त्यांनी पाटावर एक कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं, रात्री सटवाई येऊन पोरीचं नशीब लिहिते म्हणून. मी तेव्हा हसले होते. म्हणाले होते, तिला सांगा, सुवाच्य अक्षरात लिही. तो कागद त्यांनी जपून ठेवला होता.

"यावर लिही."

"आई, हा तर..."

"तिनं काय लिहायचं ते लिहून झालं. तू लिही."

लिहिणाऱ्या घरात वाढले, कॉलेजच्या भिंती रंगवल्या, पण त्या कागदावर पहिला शब्द लिहायला मला फार वेळ लागला. मागणी नव्हती, निषेध नव्हता. धूर नाही म्हणजे धोका नाही असे समजू नका. बंद खोलीत कोळसा पेटवू नका. डोके जड झाले, पाय गळाले, की ताबडतोब मोकळ्या हवेत या. मराठीत, खाली हिंदीत. सातांतल्या एका मल्याळी स्वयंपाक्याने त्याखाली त्याच्या लिपीत लिहिलं. नळाच्या वर, कंपनीच्या कागदाशेजारी आम्ही तो चिकटवला.

देवगडचा माणूस रात्रपाळीला निघताना तो वाचत उभा राहिला. त्याच्या पायाला निखाऱ्याने भाजलं होतं, पट्टी बांधलेली.

"म्हणजे आता आमका इंगळे पण नाय," तो म्हणाला, "आणि हीटर तर भिंतीच्या त्या बाजूक. बरा आसा, वहिनी."

तो चेष्टेत बोलला की मनापासून, मला कळलं नाही. चादरीतून काय आलं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. चोरून आणलेली ऊब. माझ्या तोंडातलाच शब्द. मी दार पूर्ण उघडलं आणि म्हणाले, "आत या. बसा थोडा वेळ. सगळ्यांना सांगा, कामावर जायच्या आधी आणि आल्यावर इथे बसायचं."

"साहेबाक कळात."

"कळू दे."

नवऱ्याने मार्चपर्यंतचे महिने बोटांवर मोजलेले मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं ते त्या खोलीत, भिंतीला पाठ लावून ओळीने बसलेल्या सात पुरुषांसमोर, हीटरकडे पाय करून. कुर्र करायला बायकांत मी आणि सासूबाई दोघीच, म्हणून स्वयंपाक्यालाही वाकायला लावलं. दार उघडं होतं, त्यामुळे ऊब जेमतेम पायांपर्यंत पोचत होती. कुणी दार लावायला उठलं की मी ओरडायचे. हा विजेचा हीटर आहे, याला दार लावलं तरी चालतं, असं नवरा मला तीनदा समजावत होता. मला ते कळत होतं. मी ओरडायचे.

सगळ्या खोल्यांना हीटर मिळावेत म्हणून मी अर्जही लिहिला. सातांतल्या चौघांनी सही केली, तिघांनी घाबरून केली नाही, आणि पहिल्यांदाच मला त्या तिघांचा राग आला नाही. साहेबांनी अर्ज खिशात घातला. बिलाचा फरक नवऱ्याच्या पगारातून कापला गेला. मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं, पण आम्हाला खाली पाठवलं. पुढच्या हिवाळ्यात वरच्या खोल्यांना हीटर दिले, असं कुणी म्हणतं. दिले नाहीत असंही कुणी म्हणतं. देवगडचा माणूस तोवर समुद्राकाठच्या सहम गावी गेला होता, एका लाँड्रीत.

अर्ज बरोबर होता, मी आजही म्हणेन. साहेबांना मी जे बोलले तेही खोटं नव्हतं. फक्त ते बोलताना बाळ माझ्या मांडीवर होतं आणि मी त्याच्याकडे बघत नव्हते.

आता आम्ही पुन्हा अल हैलमध्ये आहोत. मुलगी शाळेत जाते. भर उन्हाळ्यातही मी खोलीची खिडकी चार बोटं उघडी ठेवते.

"आई, विंडो क्लोज कर ना, सगळा एसी बाहेर जातो," ती म्हणते. "बाबा पण बोलला, लाइट बिल जास्त येतो."

"जाऊ दे बाहेर."

दुपारी ती झोपली की मी तिच्या नाकाखाली पालथा हात धरते. हल्ली ती झोपेतच तो बाजूला ढकलते.